विषादाचा दोष कोणाचा?

आमच्या सुशिक्षित घरांत कोणी तापानें अंथरुणास खिळला असतां त्याच्या उशाशीं बसून त्यास कोणी उपदेश करीत नाहीं. कपाळावर पाण्याची घडी ठेवितात, भाताची पेज करून देतात, आणि दाराबाहेर मुलांनीं गलका केला तर त्यांस दटावितात. परंतु तोच मनुष्य महिना दोन महिने उदास होऊन बसला, जेवणावरची त्याची वासना उडाली, ज्या कामांत त्यास पूर्वीं गोडी वाटे तेंच त्यास नकोसें झालें, म्हणजे घरांतील प्रत्येक जण त्याचा गुरु होतो. वडील मनोनिग्रहाचें महत्त्व सांगतात, भाऊ स्वतःचें उदाहरण देतो, शेजारी आपणांहून दुःखी असलेल्या माणसांकडे पाहावयास सांगतो. ह्या सर्व उपदेशाच्या मुळाशीं एक गृहीत गोष्ट असते. ती ही कीं, शरीर मनुष्याच्या सत्तेंत नाहीं, म्हणून शरीराच्या रोगास तो दोषी नाहीं. मन मात्र त्याच्या सत्तेंत आहे, म्हणून मनाच्या विषादास तोच दोषी आहे.

ही समजूत कितपत खरी आहे, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत शारीरशास्त्रानें जे शोध लाविले आहेत त्यांमुळें त्यास नवें तोंड फुटलें आहे. आम्ही वैद्य नव्हों. महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. तेव्हां रोगाची चिकित्सा सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण दोष कोणास द्यावा व कोणास देऊं नये, ही चिकित्सा आमच्या शास्त्राची आहे, आणि तेवढीच येथें करण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. ‘विषाद’ या शब्दानें आम्ही येथें क्षणिक दुःख समजत नाहीं. परीक्षेंतील अपयश, धंद्यांतील खोट, आप्ताचा मृत्यु, यांमुळें होणारा शोक हा मनाचा स्वाभाविक धर्म आहे. डॉक्टर ज्यास ‘डिप्रेशन’ म्हणतात तें निराळें. त्यांत निदान दोन आठवडे, व बहुधा त्याहून पुष्कळच अधिक काळ, मन खिन्न राहतें, कशांतहि रस वाटत नाहीं, झोंप व भूक बिघडते, हातपाय जड होतात, आणि आपण निरुपयोगी आहों ही भावना मनांत ठाण मांडून बसते. 

दुसरा शब्द ‘दाह’. कांटा रुतला असतां ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. लाली, सूज, उष्णता व वेदना हीं दाहाचीं चार लक्षणें सेल्सस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतच नमूद करून ठेविलीं आहेत. आंग्ल वैद्यकांत यासच ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात. दाह हा मूळचा शत्रु नव्हे. बाहेरून आलेल्या जंतूंशीं लढणारा तो शरीराचा पहारेकरी आहे. परंतु चोर निघून गेल्यावरहि पहारेकरी हत्यार परजीतच राहिला तर घरच्याच माणसांस जखमा व्हावयाच्या. आमवातासारख्या रोगांत असेंच होतें. कित्येकदां तर दाह इतका मंद असतो कीं, लाली किंवा सूज कोठेंहि दिसत नाहीं. केवळ रक्ताच्या तपासणींत त्याची खूण सांपडते. यकृतांत तयार होणारें ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’ नांवाचें एक प्रथिन दर लिटर रक्तद्रवांत ३ मिलिग्रॅमच्या वर गेलें, म्हणजे शरीरांत असा मंद दाह असावा असें डॉक्टर समजतात.

आतां या दोहोंचा संबंध काय? त्याची पहिली जाणीव आम्हां सर्वांस अनुभवानें आहेच. फक्त तिला आम्हीं महत्त्व दिलें नाहीं. आजारी गाय कळपापासून बाजूस जाऊन उभी राहते, चारा टाकते, कान पाडते. तापांतलें मूल खेळण्यांकडे पाहत नाहीं, कोणी बोलाविलें तर चिडतें, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतें. हा केवळ अशक्तपणा अशी पूर्वीं समजूत होती. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पशुवैद्य बेंजामिन हार्ट यांनीं १९८८ सालीं असें प्रतिपादिलें कीं, हा अशक्तपणा नसून ही शरीराची योजना आहे. ताप एका अंशानें चढविण्यास शरीरास सुमारें दहा टक्के अधिक शक्ति खर्चावी लागते. ती शक्ति चरण्याहिंडण्यांत जाऊं नये, म्हणून प्राण्यानें स्वस्थ पडावें अशी सोय निसर्गानेंच करून ठेविली आहे. ही आज्ञा मेंदूस पोंचते कशी, हेंहि पुढें कळून आलें. दाह चालूं असतां पांढऱ्या पेशी ‘सायटोकाइन’ नांवाचीं सूक्ष्म प्रथिनें सोडतात. पेशींनीं एकमेकींस धाडलेले ते निरोपच होत. हे निरोप कांहीं रक्तावाटे व कांहीं ‘व्हेगस’ नांवाच्या लांबलचक मज्जातंतूवाटे मेंदूपर्यंत जातात. मग भूक मंदावते, उत्साह जातो, माणसें नकोशीं होतात. ही लक्षणें एका कागदावर आणि विषादाचीं लक्षणें दुसऱ्या कागदावर लिहून दोन्ही कागद शेजारीं ठेविले, तर कोणता कोणाचा हें ओळखणें कठीण पडावें.

परंतु साम्य म्हणजे कारण नव्हे. आमचे नैयायिक धूर पाहून अग्नीचें अनुमान करीत, तें दोघांची व्याप्ति पक्की ठरल्यावरच करीत. विषादग्रस्तांच्या रक्तांत दाहाच्या खुणा अधिक प्रमाणांत सांपडतात, हें १९९० नंतरच्या पुष्कळ तपासण्यांतून दिसून आलें. तथापि दाहामुळें विषाद, कीं विषादामुळें दाह, कीं दोहोंचें तिसरेंच कांहीं कारण, हें त्यावरून ठरत नाहीं. तें ठरविण्यास अशी परिस्थिति पाहिजे कीं, जींत दाह आधीं मुद्दाम उत्पन्न केला आहे व विषाद मागाहून येतो कीं काय हें पाहतां येतें. अशी परिस्थिति औषधोपचारानेंच निर्माण केली. ‘इंटरफेरॉन आल्फा’ हें एक सायटोकाइनच आहे. यकृतदाहाचा एक प्रकार जो ‘हेपॅटायटिस सी’ त्यावर, आणि कांहीं कर्करोगांवर तें अनेक वर्षें टोंचून देत असत. तें घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांना कांहीं आठवड्यांतच खराखुरा विषाद जडे. अमेरिकेंत त्वचेच्या एका दारुण कर्करोगाच्या ४० रोग्यांवर केलेला प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. इंटरफेरॉन सुरू करण्यापूर्वीं दोन आठवडे त्यांतील अर्ध्यांस ‘पॅरॉक्सेटिन’ हें विषादनाशक औषध व अर्ध्यांस औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी देण्यास आरंभ केला. नुसती गोळी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ४५ जणांस विषाद झाला. औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ११ जणांस. 

या आकड्यांचा नैतिक अर्थ आम्हांस फार मोठा वाटतो. टोंचणीच्या आदल्या दिवशीं तींच माणसें होतीं, तेच त्यांचे संस्कार, तेंच धैर्य, तीच देवावरची श्रद्धा. मृत्यूची भीति तर दोन्ही गटांस सारखीच होती. एक द्रव्य रक्तांत गेलें, आणि जीवनाची गोडी निघून गेली. त्या शेंकडा ४५ जणांस ‘मन घट्ट करा’ असें सांगणें हें हिंवतापानें कांपणाऱ्यास ‘कांपूं नका’ असें सांगण्यासारखेंच नव्हे काय?

येथें आम्हांस आमच्या घरांतील एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यास संकोच वाटतो, पण ती टाळली तर हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार उरणार नाहीं. आमच्या वडिलांची थोरली बहीण, आम्हां मुलांची आत्या, तरुणपणींच विधवा होऊन माहेरीं येऊन राहिली होती. आमच्या आठवणींतली आत्या माजघरांत अंधाऱ्या जागीं बसलेली असे. ती फारशी बोलत नसे, सणावारीं हंसत नसे, आणि पानावर वाढलेलें अर्धें टाकून उठे. सकाळीं तिच्यानें धुणें पिळवत नसे. बोटें वळत नाहींत असें सांगून ती बंबांतील कढत पाणी तपेल्यांत घेऊन त्यांत हात बुडवून बसे. दुपारीं मात्र तीच बोटें वातीं वळूं शकत. घरांत याचा अर्थ एकच केला गेला. ‘वन्संना कामाच्या वेळींच बरें दुखतें’ असें बायका आपसांत म्हणत, आणि त्यांचें ऐकून आम्ही मुलेंहि तिच्या बोटांची नक्कल करीत असूं. वडील सज्जन होते. ते तिला कधीं टाकून बोलले नाहींत. त्यांनीं तिच्यासाठीं एवढेंच केलें कीं, मन खंबीर व्हावें म्हणून रोज संध्याकाळीं ‘मनाचे श्लोक’ तिच्यापुढें म्हणण्याचें काम आम्हांस लावून दिलें. आम्ही तेव्हां चौदा वर्षांचे होतों. आम्ही खड्या आवाजांत श्लोक म्हणत असूं, आणि ती खालीं मान घालून ऐकत असे.

तिच्या अखेरच्या वर्षांत एका डॉक्टरांनीं तिचे हात पाहून तो आमवात असल्याचें सांगितलें. सांध्यांच्या दाहानें होणाऱ्या त्या रोगांत सकाळीं हात आंखडलेले असतात व दिवस चढेल तसे मोकळे होतात, हें त्या रोगाचें ठळक लक्षणच आहे. म्हणजे जी रोगाची खूण होती तीच आमच्या घरानें सोंगाचा पुरावा म्हणून लिहून घेतली होती! आमवाताच्या रोग्यांत विषादाचें प्रमाण इतरांपेक्षां पुष्कळ अधिक आढळतें, हें आज सर्वमान्य आहे. तिचा विषाद दाहानें आला, वेदनेनें आला, कीं वैधव्यानें व आमच्या बोलण्यानें आला, हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं. परंतु आमचा अपराध त्या उत्तरावर अवलंबून नाहीं. चौकशी न करितां आम्हीं निकाल दिला, हा तो अपराध होय.

चार वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या अखेरीस आम्हांस चिकुनगुन्या झाला. ताप आठवड्यांत उतरला. सांधे कित्येक महिने धरलेले राहिले. त्या महिन्यांत, ज्या एपिक्टेटसवर आम्हीं वर्षानुवर्षें व्याख्यानें दिलीं, त्याचें पुस्तक उघडण्याचीहि इच्छा होईना. खिडकींतून पाऊस दिसे आणि त्याचें कांहीं वाटत नसे. स्टोइकांचें तत्त्वज्ञान खोटें झालें होतें असें नव्हे. तें हातीं धरणारा हातच ढिला पडला होता. सकाळीं कढत पाण्यांत बोटें बुडवितांना आम्हांस आत्या आठवली.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप नीतिवाद्यांचा. ते म्हणतील कीं, विषाद शरीराचा ठरला म्हणजे प्रयत्नाचा पायाच ढांसळला. उद्यां प्रत्येक आळशी मनुष्य आपल्या रक्ताकडे बोट दाखवील. या आक्षेपांत दोष व कर्तव्य यांची गल्लत आहे. ज्याचा पाय मोडला त्याच्याकडे मोडण्याचा दोष नाहीं. तथापि प्लॅस्टर काढल्यावर पाय हलविण्याचें कर्तव्य त्याचेंच आहे. विषादग्रस्तानेंहि आपलें दुःख बोलून दाखवावें, डॉक्टरकडे जावें, सांगितलेलें औषध नियमानें घ्यावें, जमेल तेवढें चालावें. नियमित व्यायामानें विषाद हलका होतो, आणि जाणत्या माणसाशीं पद्धतशीर बोलण्यानेंहि तो हलका होतो, हें प्रयोगानें ठरलेलें आहे. म्हणजे प्रयत्नाचें स्थान कायमच आहे. फक्त त्यास औषधासारखी मात्रा असते. आज दहा पावलें चालणें हाच ज्याचा पराक्रम आहे, त्याला पर्वत चढावयास सांगून तो चढला नाहीं म्हणून त्यास भ्याड म्हणणें ही नीति नव्हे. आळशास सबब मिळेल, ही भीति खरी मानली तरी, एका लबाडाची सबब बंद करण्यासाठीं अनेक निरपराध्यांस शिक्षा द्यावी, असें कोणतें नीतिशास्त्र सांगतें?

दुसरा आक्षेप उलट बाजूनें येतो. जडवादी म्हणतील कीं, मग शोक, वैराग्य, पश्चात्ताप हे सर्व सूक्ष्म सुजेचेच प्रकार. त्यांत अर्थ शोधणें व्यर्थ आहे. आम्हांस हेंहि मान्य नाहीं, आणि स्वतः शास्त्रासहि तें मान्य नाहीं. विषादग्रस्तांपैकीं सुमारें चतुर्थांश लोकांच्याच रक्तांत वर सांगितलेलें प्रथिन ३ मिलिग्रॅमच्या वर सांपडतें. बाकीच्यांचा विषाद कमी खरा आहे काय? ज्यांचा विषाद नेहमींच्या औषधांनीं हटला नव्हता अशा ६० जणांवर दाहशामक ‘इन्फ्लिक्सिमॅब’ या औषधाचा प्रयोग झाला व तो २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. सरासरीनें पाहतां औषध व नुसतें पाणी यांत फरक दिसला नाहीं. ज्यांच्या रक्तांत दाहाच्या खुणा मूळच्याच अधिक होत्या त्यांस मात्र गुण येण्याकडे कल दिसला. तेव्हां दाह हा विषादाचा एक दरवाजा आहे, एकमेव दरवाजा नव्हे. आणि हें वाचून कोणीं दाहशामक गोळ्या आपल्याच विचारानें घेऊं लागणें हें तर सर्वस्वीं अयोग्य होय.

विषादाला अर्थ असूं शकतो, याचें सर्वांत मोठें उदाहरण आमच्या घरोघरीं आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायास अर्जुनविषादयोग म्हणतात. तेथें अर्जुन आपल्या विषादाचें वर्णन करतो तें शरीराच्याच भाषेंत. गात्रें गळतात, तोंडास कोरड पडते, हातांतून धनुष्य निसटतें, आणि कातडीची आग होते, असें तो सांगतो. असें असूनहि त्याचा विषाद अर्थहीन नव्हता. समोर आजोबा व गुरु उभे होते. त्यांस मारावें कीं नाहीं, हा प्रश्न खराच होता. आतां श्रीकृष्णाचें वर्तन पाहा. आरंभींच्या दोन श्लोकांत तो अर्जुनास कठोर शब्दांत दटावितो, आणि आमचा समाज विषादग्रस्तांस उपदेश करतांना नेमके तेच दोन श्लोक उचलतो. पण त्या दटावण्यानें अर्जुन उठला नाहीं! त्यापुढें श्रीकृष्णानें रथ सोडला नाहीं. दोन्ही सैन्यें खोळंबलीं असतां तो बोलत राहिला, अर्जुनाचे प्रश्न ऐकत राहिला, आणि गीता अठराव्या अध्यायापर्यंत गेली. दोन श्लोक सांगून निघून जाणारा उपदेशक गीतेचा अनुयायी नव्हे.

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मेंदूकडे जाणारा रस्ता एकेरी नाहीं. चरकसंहितेंत निरनिराळ्या वर्गांतील श्रेष्ठ गोष्टी मोजतांना, रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादास अग्रस्थान दिलें आहे. याच दिशेचा एक प्रयोग अमेरिकेंतील ओहायो येथें जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर व त्यांचे सहकारी यांनीं केला व तो २००५ सालीं प्रसिद्ध झाला. ४२ दांपत्यांस दोन वेळां प्रत्येकीं एक दिवस रुग्णालयांत ठेवून त्यांच्या हातावर बारीक फोड आणिले. एकदां त्यांस एकमेकांस आधार वाटेल असें बोलावयास सांगितलें, व एकदां मतभेदाच्या विषयावर. भांडणानंतर जखमा अधिक सावकाश भरल्या. जीं जोडपीं एकमेकांशीं तुसडेपणानें वागत, त्यांच्या जखमा तर इतरांच्या मानानें शेंकडा साठ इतक्याच वेगानें भरल्या. आणि दाहाचे निरोप पोंचविणारीं प्रथिनें दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांच्या रक्तांत अधिक वाढलेलीं आढळलीं.

ह्याचा अर्थ नीट मनांत घेतला पाहिजे. घरांतील तुसडें बोलणें हवेंत विरून जात नाहीं. तें दुसऱ्याच्या रक्तांत उतरतें. तेव्हां विषाद शरीराचा आहे असें म्हटल्यानें नैतिक जबाबदारी नाहींशी होत नाहीं, उलट ती वाढते. फक्त तिची जागा बदलते. आजवर ती सर्वस्वीं विषादग्रस्ताच्या डोक्यावर होती. आतां तिचा मोठा वांटा त्याच्या भोंवतालच्या माणसांकडे येतो. जो उपदेश आम्ही औषध म्हणून पाजीत होतों तोच कदाचित् रोग वाढवीत होता, ही शक्यता पत्करणें आम्हांस अवघड जाईल. कारण उपदेश करण्यांत एक सुख आहे. त्यांत आपण बरे आहों, आणि आपल्या गुणांमुळेंच बरे आहों, अशी आपली खात्री पटते.

ती खात्री किती पोकळ आहे, हें एका डांसानें आम्हांस शिकविलें. ज्यांस असा डांस अजून चावलेला नाहीं त्यांनीं आपल्या प्रसन्नतेचें श्रेय थोडें कमी घ्यावें, एवढीच आमची विनंति आहे. आणि घरांत कोणी अंधारांत बसूं लागलें, तर त्यास कांहीं सांगण्यापूर्वीं कांहीं विचारावें. आमच्या घरांत पुस्तकें पुष्कळ होतीं, श्लोक पाठ होते, माणसें वाईट नव्हतीं. परंतु इतक्या वर्षांत कोणींहि आत्याजवळ बसून, तिची बोटें आपल्या हातांत घेऊन, ‘फार दुखतात का?’ असें विचारल्याचें आम्हांस आठवत नाहीं.